स्तूप भोवतीने पाहायचा असतो

माननीय संपादक,
सप्रेम जय भीम.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नालासोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपावर लेख आला. मुंबईजवळ एका दिवसात पाहून होणाऱ्या जागांमध्ये सोपाऱ्याची आठवण कुणाला तरी झाली, याचा मनापासून आनंद झाला. मात्र लेखाच्या शेवटी म्हटले आहे की, तिथे आता विटांचा ढिगारा तेवढा उरला आहे, आत जायला वाट नाही, त्यामुळे पाहण्यासारखे फारसे काही नाही. हे वाचल्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही. आत जायला वाट नसणे ही त्या वास्तूची उणीव नाही. ती तशीच बांधलेली आहे, आणि तिचा सगळा अर्थ त्या बंद गाभ्यात आहे.

मी सरकारी बांधकाम कार्यालयात आरेखक होते. शाळा, दवाखाने, पूल, विश्रामगृहे यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. कोणतीही इमारत समजून घ्यायची तर आम्ही तीन चित्रे काढतो: वरून दिसणारा प्लॅन, समोरून दिसणारे एलिव्हेशन आणि उभा कापून दाखवणारा सेक्शन, म्हणजे छेदचित्र. स्तूपाचा प्लॅन म्हणजे एक वर्तुळ. एलिव्हेशन म्हणजे चौथऱ्यावरचे अर्धवर्तुळ. दोन्ही पाचवीतले मूलसुद्धा काढील. सेक्शन काढायला बसले की मात्र हात थांबतो, कारण स्तूपाची खरी रचना तिथेच कळते.

सोपाऱ्याचाच सेक्शन पाहा. गावातले लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खोदून पाहिले. मधोमध विटांनी बांधलेली एक लहानशी खोली लागली. तिच्यात दोन दगडांची, एकावर एक बसणारी गोल पेटी होती. पेटी उघडली तर मध्ये तांब्याचा करंडक, म्हणजे झाकणाची डबी, आणि त्याच्याभोवती आठ ब्राँझच्या मूर्ती गोलाकार मांडलेल्या. त्यांत गौतम बुद्धांसह सात मानुषी बुद्ध, म्हणजे माणूस म्हणून होऊन गेलेले, आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा, स्फटिकाच्या आत सोन्याचा. बरोबर सोन्याची फुले. आणि त्या सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याच्या तेरा लहान खापऱ्या. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत, असे भगवानलालांनी मानले.

हे मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसते. बाहेर माती आणि वीट, मग दगड, मग तांबे, चांदी, स्फटिक, सोने, आणि सोन्याच्या आत पुन्हा माती. भिक्षा मागून खाणाऱ्या एका माणसाचे फुटके पात्र. ज्यांनी हे रचले त्यांना काय म्हणायचे होते, ते सांगायला त्यांना शिलालेखाची गरज भासली नाही.

त्याच खोदकामात यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे मिळाले. ब्राँझच्या मूर्ती मात्र त्याच्या कितीतरी नंतरच्या, साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी हा गाभा उघडला, आपल्या काळच्या मूर्ती श्रद्धेने भोवती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. काही शतके लोटल्यावरही आत काय आहे हे लोकांना माहीत होते आणि त्याचे मोल वाटत होते. हे करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपाऱ्याची सहल आखणाऱ्याने मुंबईतली ही दोन ठिकाणेही त्याच सहलीचा भाग मानावीत, कारण स्तूपाचे शरीर एकीकडे आणि हृदय दुसरीकडे अशी आज स्थिती आहे.

आता प्रश्न येतो तो असा, आणि तो मला आमच्याच समाजातली शिकलेली मुलेही विचारतात, की बुद्ध देव नाहीत, मग त्यांच्या अस्थींवर एवढे बांधकाम कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात आहे. शेवटच्या दिवसांत आनंद या शिष्याने विचारले की, तुमच्या देहाचे आम्ही काय करायचे? बुद्धांनी सांगितले की, भिक्खूंनी त्या खटपटीत पडू नये, आपल्या साधनेला लागावे. ते काम श्रद्धावान गृहस्थ करतील. चक्रवर्ती राजाचा स्तूप जसा चार रस्ते मिळतात तिथे उभारतात तसा तथागतांचा उभारावा. तिथे जे फुले वाहतील, वंदन करतील, किंवा नुसते ज्यांचे चित्त तिथे प्रसन्न होईल, त्यांचे दीर्घकाळ हित होईल. यात नवस नाही, कौल नाही, मागणे नाही. चित्त प्रसन्न होणे एवढेच आहे. जागा कोणती, तर चौरस्ता: जिथून सगळे येतात-जातात, जिथे कुणाला अडवता येत नाही. आमच्या समाजाला शतकानुशतके देवळाच्या पायरीवरूनच परतवले गेले. ज्याला दारच नाही, ज्याच्या गाभाऱ्यात पुजारीही जाऊ शकत नाही, ज्याच्यापासून सगळे सारख्याच अंतरावर उभे राहतात, अशा वास्तूची किंमत आम्हाला वेगळी सांगावी लागत नाही.

अंत्यसंस्कारानंतर अस्थींवरून राजांमध्ये लढाईची वेळ आली. द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ समान भाग केले. वाटणीसाठी वापरलेले भांडे त्याने स्वतःसाठी मागून घेतले. पिप्पलीवनाचे मोरिय उशिरा पोचले, त्यांना चितेची राख मिळाली. आठ अस्थींवर, एक भांड्यावर, एक राखेवर असे दहा स्तूप झाले. पुढे अशोकाने त्यांतल्या अस्थी काढून देशभर चौऱ्याऐंशी हजार स्तूपांत वाटल्या, असे परंपरा सांगते. सोपाऱ्याचे नाते तर त्याही आधीचे मानले जाते. सुनापरांत या पश्चिमेकडच्या मुलखाचा पुण्ण नावाचा भिक्खू आपल्या मुलखात धम्म सांगायला निघाला. बुद्धांनी विचारले, तिथले लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? तो म्हणाला, मला वाटेल की ही भली माणसे आहेत, हात तरी उगारला नाही. आणि हात उगारला तर? मला वाटेल की भली आहेत, दगड तरी मारला नाही. असे करत प्रश्न मरणापर्यंत जातात आणि पुण्ण डगमगत नाही. हा पुण्ण आमच्या सोपाऱ्याचा, असे परंपरेने मानतात.

वास्तूकडे परत येते. स्तूपाचे भाग संपूर्ण पाहायचे तर सांचीला जावे लागते. खाली गोल चौथरा, ती मेधी. तिच्यावर अर्धगोल, ते अंड. अंडाच्या माथ्यावर चौकोनी कठडा, ती हर्मिका. हर्मिकेतून वर जाणारा दांडा, ती यष्टी, आणि यष्टीवर छत्रे. सांचीला तीन आहेत, त्यांत बुद्ध, धम्म आणि संघ पाहण्याची रीत आहे. छत्र हा राजाचा मान. राज्य सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यावर लोकांनी ते आपणहून धरले. यष्टी नेमकी वर्तुळाच्या मध्यावर उभी असते. म्हणून आत दडलेला धातू, म्हणजे अस्थी किंवा अवशेष, बाहेरच्याला दिसला नाही तरी त्याचा मध्य कुठे आहे ते लांबूनही कळते. आरेखनाच्या भाषेत ती मध्यरेषा. आम्ही ती कागदावर तुटक काढतो. इथे ती दगडात उभी आहे.

सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास ३६.६ मीटर आणि उंची १६.४६ मीटर. पण अशोकाच्या काळी तो विटांचा होता आणि साधारण निम्म्या व्यासाचा. नंतरच्या पिढ्यांनी तो पाडला नाही. त्याच्याभोवती दगडाचे आवरण चढवून तो वाढवला. जुना स्तूप नव्याच्या पोटात तसाच आहे. आज जुनी इमारत पाडून नवी उभारण्याचे नकाशे ज्यांच्या हातून गेले, त्यांना ही रीत विचार करायला लावते. स्तूप पाडून मोठा होत नाही. तो झाकून मोठा होतो.

भोवतीच्या वेदिकेकडेही, म्हणजे दगडी कठड्याकडेही, नीट पाहावे. उभे खांब, त्यांत आडव्या सूची म्हणजे दांडे, वर उष्णीष म्हणजे माथ्याचा दगड. सगळे दगडाचे, पण जोड सुताराचे: खांबाला खाच, सूचीला तिच्यात बसणारे टोक. लाकडी कुंपणे करणाऱ्या हातांनी तीच विद्या दगडावर चालवली. चार दिशांना चार तोरणे, म्हणजे कोरीव कमानी, आहेत, पण तोरणातून सरळ आत जाता येत नाही. वाट काटकोनात वळते. ते वळण तुम्हाला डावीकडे घेते आणि स्तूप आपोआप तुमच्या उजव्या हाताला येतो. एकही पाटी न लावता, एकही पहारेकरी न ठेवता माणसाला प्रदक्षिणेला लावणारी ही आखणी मला सगळ्या वास्तुकलेतली अतिशय सुंदर आखणी वाटते. खालची प्रदक्षिणा झाली की दक्षिणेकडच्या दुहेरी जिन्याने मेधीवर चढून दुसरी घालता येते. अंडावर चढायचे नसते.

दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे नाव आहे. त्याच तोरणावर, हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी केले, असाही लेख आहे. वेदिकेच्या दगडांवर दान देणाऱ्यांची शेकडो नावे आहेत. त्यांत भिक्खुणी आहेत, घरगृहस्थीच्या बाया आहेत, व्यापारी आहेत, विणकर आहेत. तोरणांवर बुद्धांची कथा सांगितली आहे आणि बुद्धांची आकृती एकदाही नाही. पूर्व तोरणावर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग आहे. कंथक घोडा निघाला आहे, त्याच्यावर छत्र धरले आहे आणि पाठीवर कुणीच नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पावले, चक्र, एवढ्यावर काम भागवले आहे. आकृती नसलेल्या त्या जागेपुढे लोक नमस्कार करत होते. स्तूपाचा बंद गाभा आणि तो रिकामा घोडा एकाच विचारातून आले असावेत, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकात काही साहेबांनी आत काहीतरी सापडेल म्हणून हाच स्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. मिळाले काहीच नाही, मात्र स्तूप ढासळला. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी तो दुरुस्त केला, तेव्हा त्याला आजचे रूप आले. शेजारच्या लहान स्तूपातून बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी १८५१ साली निघाल्या आणि इंग्लंडला गेल्या. त्या परत आणून १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या. तोवर शंभर वर्षे उलटली होती. 'आत काय आहे' या उत्सुकतेची किंमत स्तूपांनी अशी मोजली आहे.

सांची लांब पडते त्यांच्यासाठी कार्ले आहे. एकवीरेच्या दर्शनाला येणारी गर्दी शेजारच्या चैत्यगृहात, म्हणजे डोंगरात कोरलेल्या स्तूपाच्या दालनात, शिरते, स्तूपासमोर फोटो काढते आणि आल्या दारी परत फिरते. माझी विनंती आहे की परत फिरू नका. डावीकडच्या खांबांमागच्या अंधाऱ्या वाटेने आत जा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत, पायाशी घट आणि माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपाच्या मागे पोचलात की सात खांब लागतात आणि ते अगदी साधे, अष्टकोनी, नक्षीविना आहेत. स्तूपाजवळ आल्यावर नजर दुसरीकडे जाऊ नये म्हणूनच कारागिरांनी तिथे हात आवरला, असे मी समजते. तिथून वर पाहिले की स्तूपावरचे लाकडी छत्र दिसते. होय, लाकडाचे, आणि साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे. छताच्या लाकडी फासळ्याही तशाच. मावळातल्या पावसात राहणाऱ्यांनी ते छत्र एकदा तरी डोळे भरून पाहावे.

याच चैत्यगृहातल्या एका खांबाचे दान सोपाऱ्याच्या सातिमित्र नावाच्या माणसाने दिले आहे. लेख म्हणतो की हा खांब धातूसह आहे, म्हणजे त्यातही अस्थी ठेवल्या होत्या. दाराचे काम धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने केले, तेही तिथे कोरले आहे. बाजूच्या भाज्याला चौदा स्तूपांचा समूह आहे, पाच खडकाच्या आत आणि नऊ बाहेर. त्यांतल्या काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावे आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. कुणाचा स्तूप आहे ते नावानिशी कळते. तरीही तिथे बसून डबे उघडणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना कुणी सांगितलेच नाही की हे स्मारक त्या त्या माणसाचे आहे.

काहीजण म्हणतील, नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, तिथे आत जाता येते, मग तुमचे म्हणणे कसे टिकते? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे लाखो लोकांना दीक्षा दिली तिथला तो स्तूप लोकांनी एकत्र बसावे म्हणूनच पोकळ बांधला. वास्तुशिल्पी शिवदान मल यांनी रूप सांचीचे घेतले आणि उपयोग सभागृहाचा ठेवला. पण तिथेही मध्यभागी बाबासाहेबांच्या अस्थी आहेत आणि माणसे त्यांच्याभोवतीच फिरतात. गोराईचा पॅगोडा तर एकही आधारखांब न घेता दगडांवर दगड गुंतवून उभा केला आहे आणि आत हजारो साधक एकत्र ध्यानाला बसतात. मध्य राखला, भोवतीची जागा काळाप्रमाणे बदलली. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जाऊन कुणीही पाहावे. गावोगावहून आलेल्या बाया रात्र रात्र रांगेत उभ्या राहतात. मेधी, हर्मिका हे शब्द त्यांना येत नसतील. स्तूप कशासाठी असतो ते त्यांना पक्के ठाऊक आहे.

माझी आई त्यांतलीच होती. बुद्धपौर्णिमेला पांढरे लुगडे नेसून ती आम्हा भावंडांना सोपाऱ्याला नेई. त्रिशरण-पंचशील झाले की, 'उजव्या हाताला धरून चाला, मध्ये कुणी पळायचे नाही,' एवढेच सांगे. पोरे टेकाडावर चढू लागली की मात्र ओरडे. 'कुणाच्या उशाशी चढता रे!'

आजही सुटीच्या दिवशी माणसे त्या विटांवर चढून फोटो काढताना दिसतात. उघड्या पडलेल्या विटेवर वसईचा पाऊस आधीच मारा करतो, त्यात बुटांची भर. यात त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे संरक्षित स्मारकाच्या फलकावर कायद्याचे कलम आणि दंडाची रक्कम असते. समोर काय आहे ते समजेल अशी एक ओळही बहुतेक ठिकाणी नसते. माणसाला कलम वाचून आदर वाटत नाही. आत काय ठेवले होते ते कळले तर पाय आपोआप थांबेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. राज्यातल्या प्रत्येक उघड्यावरच्या स्तूपाजवळ, मग तो सोपाऱ्याचा असो की भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा, सोप्या मराठीत एक फलक असावा आणि त्यावर स्तूपाचे छेदचित्र असावे. फलक कमरेच्या उंचीवर हवा, म्हणजे शाळेच्या सहलीतली मुलेही वाचतील. प्रदक्षिणेची वाट मोकळी आणि स्पष्ट आखलेली असावी. वाट दिसली की लोक तिच्यावरून चालतात, हे सांचीच्या आखणाऱ्यांना कळले होते. सहली नेणाऱ्या शिक्षकांनी आधी एक फेरी शांतपणे घालू द्यावी, माहिती नंतर सांगावी. आणि आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी 'ढिगारा' हा शब्द वापरण्यापूर्वी एकदा तरी त्याच्याभोवती चालून यावे.

सोबत दोन चित्रे जोडली आहेत. पहिले सांचीच्या मोठ्या स्तूपाचे छेदचित्र, एकास दोनशे या प्रमाणात. आतला विटांचा जुना स्तूप तुटक रेषेने दाखवला आहे. दुसरे सोपाऱ्याच्या करंडकांचे, एकात एक बसलेले. ते प्रमाणबद्ध नाही, क्रम कळावा एवढ्यासाठीच आहे. दोन्ही काळ्या शाईत आहेत, तेव्हा रंगीत पानाची अडचण नाही. जागा कमी असेल तर माझे पत्र कापावे, पण दुसरे चित्र छापावे. कुणा शाळेला किंवा ग्रामस्थांना फलकासाठी मूळ प्रत हवी असल्यास ती मी विनामूल्य देईन. त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपली,
एक वाचक (निवृत्त आरेखक)
वसई तालुका, जि. पालघर